सागरतळाचा डोळा

इ. स. १९२२ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस ‘ईजिप्त’ नावाची प्रवासी आगबोट लंडनजवळील टिलबरी बंदरातून मुंबईस येण्यास निघाली. तिच्या पोटातील एका बंदिस्त खोलीत सोन्याच्या लगडी व नाणी मिळून सुमारे पाच टन सोने आणि त्याच्या कितीतरी पट चांदी होती. त्या काळी या साऱ्याची किंमत दहा लक्ष पौंडांहून अधिक होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, फ्रान्सच्या वायव्य टोकाशी असलेल्या ऊशांत बेटापासून काही मैलांवर, समुद्रावर दाट धुके उतरले. त्या धुक्यातून एक फ्रेंच मालवाहू बोट आली आणि तिने ईजिप्तच्या कुशीवर धडक दिली. त्या बोटीची नाळ बर्फ फोडीत जाण्यासाठी मुद्दाम बळकट केलेली होती. सुमारे वीस मिनिटांत ईजिप्त बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर पुष्कळ हिंदी खलाशीही होते.

बोट जेथे बुडाली तेथे समुद्र सुमारे १२८ मीटर खोल आहे. एका कुतुबमिनारावर दुसरा कुतुबमिनार ठेवून ते तेथे उभे केले, तर वरच्याचे टोकच काय ते पाण्याबाहेर दिसेल! अशा अंधाऱ्या, गार पाण्यात जाऊन ते सोने कोण आणणार? अनेकांनी नाद सोडला. नाद न सोडणाऱ्यांत एक इटालियन पाणबुड्या होता. त्याचे नाव आल्बेर्तो जान्नी.

जान्नीचा जन्म १८९१ मध्ये व्हियारेज्जो येथे झाला. हे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांचे गाव. पाणबुड्याची विद्या तो आरमारात शिकला. त्या काळचा पाणबुड्या रबरी पोशाख घाली, डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण चढवी, आणि वरच्या नावेतून नळीने येणाऱ्या हवेवर श्वास घेई. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब एका वातावरणाइतका वाढतो. तेवढ्याच दाबाची हवा पाणबुड्यास पुरवावी लागते, आणि तिच्यातील नत्रवायू त्याच्या रक्तात मुरतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडताच जसे बुडबुडे उसळतात तसे ते रक्तात उसळतात. कोणी लुळा होतो, कोणी दगावतो. आपल्या सोबत्यांची ही दशा जान्नी जाणून होता. म्हणून त्याने एक पोलादी पेटी तयार केली. वर आलेल्या पाणबुड्यास तीत घालून पुन्हा दाबाखाली ठेवायचे आणि मग तो दाब हळूहळू उतरवायचा, अशी तिची योजना होती. सोन्याच्या शोधापेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

१९२६ मध्ये जेनोआ येथे जोव्हान्नी क्वाल्या याने बुडालेल्या जहाजांतील माल काढणारी एक कंपनी काढली. जान्नी तिच्या पाणबुड्यांचा प्रमुख झाला. त्यांच्या बोटीचे नाव होते ‘आर्तील्यो’, म्हणजे शिकारी पक्ष्याचे नख. ईजिप्तपर्यंत रबरी पोशाखात उतरणे अशक्यच होते. कंपनीने जर्मनीत बनलेला एक अवजड लोखंडी पोशाख घेतला होता. त्यास सांध्यांचे हातपाय होते. परंतु खोल पाण्याच्या दाबाने ते सांधे आखडत आणि आतल्या माणसाकडून धड काम होत नसे. जान्नीने विचार केला, की हे हात उपयोगाचे नसतील तर हवेत कशाला? खाली केवळ डोळा जावा, हात वरच राहावेत.

त्याने एक पोलादी कोठी आखली. ती उभ्या नळकांड्यासारखी होती आणि तिच्या माथ्याशी जाड काचेच्या गोल खिडक्या होत्या. बाहेर कितीही दाब असला तरी आत हवा जमिनीवरच्यासारखीच असे. त्यामुळे रक्तात वायू मुरण्याची भीती उरली नाही. आत प्राणवायूची नळकांडी, उच्छ्वासाचा दूषित वायू शोषणारी द्रव्ये आणि दूरध्वनी एवढेच सामान होते. वरचा दोर तुटलाच, तर आतूनच वजन सोडून देऊन कोठी तरंगत वर आणता येई. आत उभा राहिलेला पाणबुड्या हिरवट अंधारात डोळे ताणून पाही आणि बोटीचा लोखंडी पंजा इकडे सरकवा, तिकडे न्या, आता मिटा, असे दूरध्वनीवरून सांगे. वर यंत्रावर बसलेला माणूस, जे त्यास मुळीच दिसत नसे ते, त्या सांगण्यावरून उचली.

पण आधी ईजिप्त सापडावयास हवी होती! १९२९ आणि १९३० असे दोन उन्हाळे दोन बोटी समुद्रतळावरून लांब दोर ओढीत फिरल्या. एकदा तर हाती काठी घेऊन सोन्याचा ठाव सांगणाऱ्या एका धर्मगुरूसही आणले होते. त्याच्या काठीने जहाज सापडले नाही. ऑगस्ट १९३० च्या अखेरीस दोर कशात तरी अडकला, कोठी खाली गेली आणि खिडकीतून एका मोठ्या आगबोटीची कड दिसली. ती ईजिप्तच होती. पुढे कप्तानाच्या खोलीतील तिजोरीही वर आली. तथापि सोन्याच्या खोलीवर अनेक मजले होते. ते सुरुंगांनी एकामागून एक उडवावे लागणार होते, आणि तोवर तुफानी हिवाळा आला.

तो रिकामा काळ वाया जाऊ नये म्हणून आर्तील्यो फ्रान्सच्याच किनाऱ्यालगत अधिक उथळ पाण्यातील एका कामास लागली. तेथे ‘फ्लॉरेन्स एच्’ हे दारूगोळ्याचे अमेरिकन जहाज १९१८ मध्ये बुडाले होते. त्याचे अवशेष सुरुंग लावून मोडायचे होते. बारा वर्षे पाण्यात भिजलेली दारू आता मेली असेल, असा सर्वांचा समज झाला. आरंभी सुरुंग उडविताना आर्तील्यो फार दूर नेऊन उभी करीत. काहीच अनर्थ होईना, तसतसे अंतर कमी होत गेले. ७ डिसेंबर १९३० रोजी ती फार जवळ होती. सुरुंग उडाला आणि त्याबरोबर तळाशी असलेला सारा दारूगोळाही उडाला. पाण्याचा प्रचंड स्तंभ उसळून आर्तील्योवर कोसळला व ती बुडाली. जान्नी गेला. त्याचे कुशल सोबती फ्रान्चेस्की व बार्जेल्लीनी हेही गेले. जान्नीचे वय अवघे एकोणचाळीस होते.

क्वाल्याने दुसरी बोट घेतली व तिला आर्तील्यो हेच नाव दिले. उरलेले आणि नवे पाणबुडे पुढच्याच उन्हाळ्यात ऊशांतसमोर परत आले. लाटांनी बोट हलू नये म्हणून सभोवार नांगरलेल्या सहा तरंड्यांना ती बांधीत. एवढे करूनही वारा उठला की काम थांबे. मग १९३२ मध्ये पंज्यात काही निराळेच येऊ लागले. ते होते नोटांचे भिजके गठ्ठे! हैदराबाद संस्थानासाठी इंग्लंडमध्ये छापलेल्या त्या नोटा होत्या. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. बुडाल्या नसत्या, तर कदाचित औरंगाबादच्या बाजारातही त्या खेळल्या असत्या.

२२ जून १९३२ रोजी पंजा वर आला, उघडला, आणि चिखलाबरोबर डेकवर सोन्याची नाणी पडली. त्यामागून लगडी आल्या. काम १९३५ पर्यंत चालले आणि बहुतेक सर्व सोने वर निघाले. ते मुंबईस आले नाही. पहिला भार इंग्लंडमधील प्लिमथ बंदरात उतरला. ज्या दिवशी पहिले नाणे वर आले, त्या दिवशी एकशे अठ्ठावीस मीटर खाली, जान्नीने आखलेल्या कोठीत, त्याच्याच गावचा एक पाणबुड्या खिडकीशी डोळा लावून उभा होता.