इरावतीबाईंचा नकाशा

नकाशा म्हटलं की भूगोलाच्या जर्नलमधल्या सीमारेषा आठवतात. इरावती कर्वेंनी तो माणसांमध्ये शोधला.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्म. नावही तिथल्याच इरावती नदीचं. बर्लिनहून मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन त्या पुण्यात परतल्या. १९३९पासून डेक्कन कॉलेज हेच त्यांचं कामाचं ठिकाण. नात्यांचे शब्द, लग्नाच्या चालीरीती गोळा करत त्या देशभर हिंडल्या. मामाच्या मुलीशी लग्न कुठे चालतं, कुठे नाही? अशा नोंदींवरून १९५३च्या पुस्तकात त्यांनी भारताचे चार विभाग पाडले.

त्याआधी त्या आळंदीहून पंढरीच्या वारीत चालल्या होत्या. महाराष्ट्र राज्य तेव्हा झालंही नव्हतं. पण जिथली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, हे त्यांना चालता चालता उमगलं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते, म्हणजे आपलं नाशिकही त्यात आलंच! प्रदेश लोकांच्या जाण्यायेण्यावरूनही ठरतो, हे मानवी भूगोलातलं सूत्र ते हेच.

मात्र त्याच वारीत दिंड्या जातीनुसार वेगळ्या, जेवणंही वेगळी. हे त्यांना सलत राहिलं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. १९७० मध्ये त्या गेल्या. फील्डवर्कला निघाल्यावर त्यांची ही सवय जरूर उचला: प्रदेशाची रेघ आखताना तिच्या आतल्या भेगाही टिपायच्या.