गुन्हेगारांचा कैवारी

गुन्हा शाबीत झाला म्हणजे न्यायालयाचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः न्यायाची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. सारख्या अपराधास सारखी शिक्षा मिळते काय, की आरोपीचा वर्ण, त्याची ऐपत आणि लोकक्षोभ पाहून शिक्षेचे माप बदलते, हा प्रश्न अमेरिकेला अद्याप सुटलेला नाही. तो ज्याने जन्मभर न्यायासनापुढे मांडला, त्या क्लॅरेन्स डॅरोचे चरित्र म्हणूनच पुन्हा स्मरावेसे वाटते.

डॅरोचा जन्म १८५७ साली ओहायो राज्यातील एका खेड्यात झाला. वडील लाकूडसामान व शवपेट्या बनवीत. पण ग्रंथांचे वेडे आणि रूढ मतांना न जुमानणारे. तोच वारसा मुलाकडे आला. १८७८ साली त्याने वकिलीची सनद मिळविली आणि १८८७ साली तो शिकागोस आला. तेथे एका रेल्वे कंपनीची चांगली वकिली त्याच्याकडे होती. परंतु १८९४ च्या पुलमन संपात कामगारपुढारी यूजीन डेब्ज यांच्यावर सरकारने खटला भरताच ती सोडून तो डेब्जच्या बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी शिकागोच्या महापौराचा खून करणाऱ्या एका भ्रमिष्ट तरुणाला वाचविण्याची त्याने शिकस्त केली. ती व्यर्थ ठरली व तो तरुण फासावर गेला.

हे चरित्र निष्कलंक साधूचे मात्र नव्हे. लॉस एंजेलिसच्या १९१० मधील बाँबस्फोटाच्या खटल्यात ज्यूरीला लाच देऊ केल्याचा आरोप खुद्द त्याच्यावर आला. एका खटल्यात तो निर्दोष सुटला. दुसऱ्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातून न्यायालय कसे दिसते, हे त्याने स्वतः अनुभवले.

त्याच्या कसोटीचा क्षण १९२४ साली आला. लिओपोल्ड आणि लोब या १९ व १८ वर्षांच्या दोन धनिकपुत्रांनी १४ वर्षांच्या एका मुलाचा निष्कारण खून केला होता. सारे शहर फाशी मागत होते. डॅरोने आरोपींकडून गुन्हा कबूल करविला. त्यामुळे प्रकरण ज्यूरीपुढे गेलेच नाही. बारा जणांत वाटली जाणारी जबाबदारी एकट्या न्यायमूर्ती कॅव्हर्लींच्या शिरावर आली. आरोपींच्या मनोरचनेचा व कोवळ्या वयाचा विचार व्हावा, एवढेच त्याचे मागणे होते. न्यायमूर्तींनी प्रामुख्याने वय पाहून फाशी टाळली आणि जन्मठेप अधिक ९९ वर्षे अशी शिक्षा दिली.

लक्षाधीशांच्या मुलांना मिळालेली ही दया गरिबाच्या मुलाला मिळाली असती काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान होत नाही. परंतु पुढच्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये गोऱ्यांच्या वस्तीत घर घेणाऱ्या डॉ. ओशियन स्वीट या कृष्णवर्णीयावर संकट आले. जमावाने घराला घेरले, आतून गोळी सुटली, एक गोरा इसम ठार झाला व अकरा जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. डॅरो तेथेही धावून गेला. १९२६ साली केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने डॉक्टरांच्या धाकट्या भावास निर्दोष सोडले.

१९३८ साली डॅरो मरण पावला. प्रश्न मागे उरला. न्यायाधीशाच्या मर्जीतून पक्षपात शिरतो, म्हणून पुढे शिक्षेची मापे कायद्यानेच ठरविण्यात आली. पण १९८६ च्या कायद्याने एक ग्रॅम क्रॅक कोकेन शंभर ग्रॅम भुकटी कोकेनच्या बरोबरीचे मानले आणि त्याचा भार मुख्यतः कृष्णवर्णीयांवर पडला. २०१० साली हे प्रमाण अठरास एक झाले. समान तरीही नाही. १९८७ साली जॉर्जिया राज्यातील फाशीच्या शिक्षांमधील वर्णभेदाची आकडेवारी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ५ विरुद्ध ४ मतांनी ती अपुरी ठरली. उलटपक्षी २००५ साली त्याच न्यायालयाने गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांची फाशी रद्द केली, आणि २०११ साली इलिनॉयने ती सर्वांसाठीच संपविली.

मर्जीवर सोपविलेला न्याय पक्षपाती होतो आणि मापाने बांधलेला न्याय आंधळा होतो. या दोहोंतून मार्ग काढावयाचा तर शिक्षा ठरविणाऱ्याने समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे, आणि ते प्रत्येकाकडे सारख्याच नजरेने पाहावे. डॅरोचा आग्रह पहिल्या गोष्टीसाठी होता. दुसरी गोष्ट अमेरिकेने अजून साधावयाची आहे.