दादासाहेबांचा बॉक्स सेट

आपल्या हॉस्टेलमध्ये मुख्य दोन जमाती. एक हॅरी पॉटरवाल्यांची आणि दुसरी लॉर्ड ऑफ द रिंग्जवाल्यांची. मी दुसऱ्या जमातीतली. २००१, २००२ आणि २००३ असे ओळीने तीन वर्षं आलेले हे तीन चित्रपट मला जवळजवळ पाठ आहेत. तरीही या दिवाळीच्या सुट्टीत साठवलेल्या पैशांतून मी त्यांचा जुना, वापरलेला बॉक्स सेट घेतला. एकेका चित्रपटाच्या चार, अशा एकूण बारा डीव्हीडी! मोबाईलवर सगळं दिसत असताना हे खोकं कशाला, असं रूममेट्सनी विचारलंच. कारण सांगते. या बारापैकी सहा डिस्कमध्ये चित्रपट नाहीच. चित्रपट कसा केला ते आहे. चिलखतं कशी ठोकली, छोटे हॉबिट आणि उंच गॅन्डाल्फ एका फ्रेममध्ये कसे आणले, किल्ल्यांची मॉडेल्स कशी बांधली, सगळं. इंजिनिअरिंगवाल्याला याहून मोठी मेजवानी कोणती?

सुट्टीत ते खोकं घेऊन मी गावी गेले. माझं गाव तेलगाव, जिल्हा बीड. साखर कारखान्याचं गाव. आजीला मी मोठ्या उत्साहाने गोष्ट समजावली. अदृश्य करणारी अंगठी, मायावी राक्षस, आगीचा डोंगर. आजीला त्याचं काही विशेष वाटलं नाही! उडणारे, गुप्त होणारे, रूप बदलणारे सगळे तिने लहानपणी आसपासच्या जत्रांमध्ये, तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिले होते. तेव्हा डोक्यात आलं, की आपल्याकडेही अद्भुत चित्रपटांची मोठी मालिका होती की. ती सुरू करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला फक्त पुरस्कारामुळे माहीत असतं. दादासाहेब फाळके. जनरल नॉलेजमध्ये एक मार्क, विषय संपला. पण मी जसजसं वाचत गेले, तसं लक्षात आलं की हा माणूस मुळात आपल्याच जातकुळीतला. यंत्रवेडा!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलानेही शास्त्री व्हावं असं घरचं वातावरण. पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आलं आणि धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे दिसेल ते शिकायचं असा सपाटा. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच एक आणि इलेक्टिव्ह दहा!

पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेले. तरुण वयात एवढा मोठा घाव. त्यातून सावरताना ते जादूचे प्रयोग शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा या नावाने करूही लागले. ही जादू पुढे फार कामाला आली. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. माहेरची गिरिजा करंदीकर आता सरस्वतीबाई फाळके झाली. हे नाव लक्षात ठेवा. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी, म्हणजे सुटलो असं कुणीही म्हणेल. पण वंगभंगाच्या चळवळीचे दिवस आले आणि यांनी ती सोडून दिली. मग लोणावळ्याला ब्लॉक बनवण्याचा छापखाना, तो पुढे दादरला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीची वारी. धंदा नावारूपाला आला आणि भागीदारांशी पटेना, म्हणून तोही सोडला. वय चाळीस, हाती काही नाही.

अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे ईस्टरच्या आधी असले चित्रपट आम्हाला दाखवायचे. आम्ही ते बघितले आणि डबे उघडले. फाळक्यांनी बघितला आणि त्यांना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसू लागले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन पुन्हा तिथेच! मग छोटा कॅमेरा, जुनी रिळं, भिंगं आणून घरातच अभ्यास सुरू. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्याने दृष्टी परत आली, पण वेड काही गेलं नाही.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. ओळख ना पाळख. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन धडकले. तिथल्या संपादकांनी आधी सावध केलं, मग मदत केली. सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याचा स्टुडिओ जवळून पाहायला मिळाला. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि छिद्रं पाडायच्या यंत्राची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला मुंबईत परत. दोन महिन्यांत सगळं आटोपलं!

पण कर्ज देणाऱ्याला प्रोटोटाइप दाखवावा लागतो, हे आपल्याला फायनल इयरला कळतं. फाळक्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोड्या थोड्या फ्रेम टिपल्या. पडद्यावर बी फुटून वेल मिनिटभरात डोलू लागला. आज आपण त्याला टाइम-लॅप्स म्हणतो आणि मोबाईलवर बटण दाबतो. ते बघून पैसे देणारा भेटला. तरी भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आता हिशेब करू या. राजा हरिश्चंद्र ३,७०० फूट लांब होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स, म्हणजे ५९,२०० फ्रेम्स. एका फ्रेमला प्रत्येक कडेला ४ छिद्रं, दोन्ही कडा मिळून ८. गुणाकार करा. ४,७३,६०० छिद्रं! कच्च्या फिल्मला छिद्रं नसायची, ती घरीच पाडावी लागत आणि तीही अंधारात, नाहीतर फिल्म काळी पडणार. शिवाय हे फक्त एका प्रतीचं गणित झालं. वाया गेलेली फिल्म आणि बाकीच्या प्रती वेगळ्याच. हे काम रात्री सरस्वतीबाई करायच्या. दिवसा साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक, धुणी, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतवणं, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रं. वर्कशॉपमध्ये एक फिटिंगचा जॉब फाईल करताना आपले हात भरून येतात. भारतीय चित्रपटाची पहिली टेक्निशियन म्हणून या बाईंचं नाव आपल्या पुस्तकात असायला हवं.

तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंके यांना, साडी नेसवली. रोहिदास म्हणून स्वतःचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि इतिहास घडला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आपल्याकडच्या लोकांना या गोष्टीचा पत्ताही नसेल.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि खरी अद्भुत मालिका सुरू झाली. मोहिनी भस्मासुर (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पहिल्यांदा पडद्यावर आल्या. लंकादहन (१९१७) मध्ये हनुमानाचं उड्डाण आणि जळती लंका. गंमत म्हणजे राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! मुंबईत सकाळी ७ पासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले. मद्रासला तिकिटांची नाणी पोत्यांत भरून, बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असं सांगतात. श्रीकृष्ण जन्म (१९१८) मध्ये कंसाला आपलंच मुंडकं धडावेगळं झालेलं दिसतं. कालिया मर्दन (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.

हे कॉम्प्युटरशिवाय कसं जमलं? त्या काळची रीत अशी होती. भिंगापुढे काळा कागद लावून अर्धी फ्रेम झाकायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात शूटिंग करायचं. कॅमेरा हाताने फिरवायचा, हँडलचे फेरे मोजून ठेवायचे. मग तितकेच फेरे फिल्म मागे घ्यायची, दुसरी बाजू झाकायची आणि पुन्हा शूट करायचं. एक फेरा चुकला की सगळं मुसळ केरात. अनडू नाही, बॅकअप नाही. जादूचे प्रयोग करणाऱ्या प्रोफेसर केल्फाचा हात इथे उपयोगी पडला.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. याच काळात फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच एक छोटा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः दिसतात, कलाकारांना शिकवताना, फिल्म तपासताना. म्हणजे माझ्या बॉक्स सेटमधल्या सहा डिस्कचा मूळपुरुष नाशिकचा निघाला! आपली जादू लपवून न ठेवता लोकांना समजावून सांगणारा जादूगार विरळाच.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण पुन्हा पटलं नाही. फाळके काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी हे नाटक लिहिलं. मग परतले, पण पूर्वीची मजा उरली नव्हती. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. सेतुबंधन (१९३२) हा त्यांचा शेवटचा मूकपट, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला केलेला गंगावतरण (१९३७) हा एकमेव बोलपट. सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये जवळजवळ विस्मरणात गेला. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू केला.

माझ्या मनात साहजिकच आलं, की दादासाहेबांचाही बॉक्स सेट घ्यावा. पण त्यात घालायचं काय? ९५ पैकी आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच चित्रपटांचे तुकडे उरलेत. हरिश्चंद्रची पहिली आणि शेवटची रिळं मिळतात, आणि तीसुद्धा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. कालिया मर्दन त्यातल्या त्यात नशीबवान, बराचसा वाचला. सगळं मिळून एक डिस्कसुद्धा धड भरायची नाही.

याचं कारण थोडं केमिस्ट्रीचं आणि थोडं आपलं. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे विझवणं महाकठीण. नाही जळाली तर दमट हवेत चिकट होऊन शेवटी भुगा होते. शिवाय तिच्यावर चांदीचा थर. जुनी रिळं वितळवून चांदी काढायचा धंदाच होता. खेळ संपला की चित्रपटाची किंमत चांदीएवढी!

जे वाचलं ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि त्याहून जास्त पी. के. नायर या माणसामुळे. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि नायर गावोगाव रिळं शोधत फिरले. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडे जाऊन त्यांनी उरलेले तुकडे मिळवले आणि सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून मोठं नुकसान झालं. आधी प्रती काढल्या होत्या, म्हणून आज यूट्यूबवर का होईना आपण फाळके बघू शकतो. नायर सर २०१६ मध्ये गेले.

तेव्हा मित्रहो, एक सूचना करते. आपल्या गॅदरिंगची नाटकं, सिनिअर्सची प्रोजेक्ट्स, रोबोकॉनचे व्हिडिओ हे सगळं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतं. मोबाईल बदलला की गेलं. दरवर्षी त्याची एक हार्ड डिस्क लायब्ररीत जमा करू या, नाव आणि तारीख घालून. आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टबरोबर ते कसं केलं याचाही पाच मिनिटांचा व्हिडिओ असू द्या. चुकलेले प्रयत्नसुद्धा त्यात येऊ द्या, कारण ज्युनिअर्स शिकतील ते त्यातूनच. लायब्ररीयन सरांनी मनावर घेतलं तर याच वर्षी सुरुवात होईल.

अंधाऱ्या खोलीत लाखो छिद्रं पाडणाऱ्या सरस्वतीबाईंना आणि कुंडीतला वाटाणा डोलायला लावणाऱ्या दादासाहेबांना, त्यांच्याच जातीच्या एका यंत्रवेडीचा मानाचा मुजरा!