सावित्रीबाईंच्या शिक्षिका मिस फरार: अमेरिकेतून नगरला आलेल्या या बाई कोण होत्या?

सावित्रीबाई फुले यांना घडवणाऱ्यांची नावं घेताना एक अमेरिकन नाव हमखास येतं, सिंथिया फरार. नाव येतं आणि पुढच्याच ओळीत निघून जातं. बीडच्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात या बाईंनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षं काढली. त्या आल्या कुठून, कशासाठी? जाणून घेऊया.

जन्म कुठला?
सिंथिया यांचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातील मार्लबरो गावचा. अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशन संस्थेनं त्यांना भारतात पाठवलं. त्या काळी मिशनच्या कामाला बाई परदेशी जायची ती मिशनरीची बायको म्हणून. अविवाहित बाईला समुद्रापार पाठवणं तेव्हा विरळाच. तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या.

प्रवास केवढा?
सुएझ कालवा व्हायला अजून ४२ वर्षं होती. शिडाच्या जहाजानं आफ्रिकेला वळसा घालूनच यावं लागे. जून १८२७ मध्ये त्यांनी बोस्टन सोडलं, मुंबई गाठेपर्यंत डिसेंबर संपत आला होता.

मुंबईत काय केलं?
अमेरिकन मराठी मिशननं १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली होती. अशा शाळांची जबाबदारी फरारबाईंकडे आली. मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात होत, त्यामुळे लिहिता-वाचता येऊ लागेपर्यंत मुलगी सासरी जायची. शिवाय शिक्षणाबरोबर ख्रिस्ती धर्माची शिकवणही असे. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि पालकांना त्याचीच धास्ती वाटे.

नगर कसं आलं?
तब्येत ढासळल्यानं १८३७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. तिथंच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि या वेळी मुक्काम नगरला केला. तेव्हा नगर इंग्रजांकडे होतं, तर बीड निजामाच्या राज्यात.

फुल्यांशी संबंध काय?
जोतीरावांचे मित्र सदाशिव गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्यासोबत जोतीरावांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे ही प्रेरणा होती. सावित्रीबाईंनीही शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतलं. स्वतः सावित्रीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. शाळेची रीत फुल्यांनी घेतली, धर्मांतराचा हेतू मात्र मिशनपाशीच राहिला. फरक पडला तो इथं. आता मुलींना शिकवणारी बाई आपल्यातलीच होती.

कुटुंबाचं काय?
फरारबाईंनी लग्न केलं नाही. त्यांच्याच मिशनमधल्या बॅलंटाइन आणि फेअरबँक या घराण्यांमध्ये सोयरीक झाली, पुढच्या पिढीनंही इथं काम केलं, त्यामुळे त्यांची नावं टिकली. फरारबाईंचं नाव पुढे नेणारं इथं कुणी नव्हतं. जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच त्यांचं निधन झालं, वय ६६. इथला त्यांचा गोतावळा म्हणजे त्यांच्या विद्यार्थिनी. त्यातली एक सोडली तर बाकीच्यांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत.

आज हे का वाचायचं?
आष्टीहून नगरला आता रेल्वे जाते. पण लग्न ठरलं की मुलीची शाळा सुटणं बीड जिल्ह्यात आजही थांबलेलं नाही. आई-बाप ऊसतोडीला निघाले की मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीतून अनेक लग्नं लवकर उरकली जातात. फरारबाईंच्या वर्गातून मुलगी उठून जायची, तेव्हा तिला थांबवणारा कायदा नव्हता. आज तो आहे. तो वापरायला शेजारच्या कुणीतरी १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर वेळेत एक फोन करावा लागतो.