मोरूचे कर्ते

चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचे, हे कळलं तेव्हा मी उडालोच. बौद्ध ग्रंथांत बुडालेल्या या विद्वानाला चिमणरावांच्या मोरूसारखं कार्टं सुचलं कसं? जन्म १८९२ चा. बडोदा संस्थानचं दप्तरही त्यांनी सांभाळलं. म्हणजे समोर जुनी कागदपत्रं नि डोक्यात चिमणराव-गुंड्याभाऊ! ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली आलं. मोरू वाचताना हात शिवशिवतो राव! पण माझ्या मते खरी फजिती होते ती बापाची. पोरगं नुसतं निमित्त. १९६३ साली चिं. वि. गेले, मोरूचा उच्छाद चालूच. सुट्टीत अकोल्याला (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे!) धाकट्या भावाला वाचायला दिलं. त्याला मोरूत काही वावगं दिसलंच नाही.