अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



मूल अंगणवाडीतून घरी आले की आज काय शिकलास, असे आपण विचारतो. खेळलो, एवढेच ते सांगते आणि आपला चेहरा उतरतो. नुसते खेळायला कशाला पाठवायचे, अशी शंका मनात येते. ही शंका जुनी आहे. तिला उत्तर देण्यात एका बाईंनी आपले आयुष्य वेचले. त्यांची ओळख आज आपण करून घेऊ या.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. तो संसार टिकला नाही. पण दुःख कुरवाळत न बसता त्यांनी शिक्षणाची वाट धरली. राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. ती मानाची नोकरीही सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालघर उघडले होते. मूल हाताळून, करून शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. ताराबाईंनी तोच विचार आपल्या मातीत रुजवला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

परंतु शहरातील मुलांचे भले झाले म्हणून त्या थांबल्या नाहीत. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले हीच साधने झाली. त्यांनीच मुले मोजू लागली, रंग ओळखू लागली.

गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते, हे पाहून शाळेलाच पाळणाघर जोडले. पोरे गुरे राखायला जातात, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती झाली कुरणशाळा.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आपल्या दवनीवाड्यात साधनांची काय वाण? धानाच्या लोंब्या आहेत, चिंचोके आहेत, मोहाची फुले आहेत. आज मिस्साहून घरी गेल्यावर घटकाभर मुलाजवळ बसू या. मूठभर चिंचोके त्याच्यापुढे ठेवू या आणि ते काय करते ते पाहू या. आणि उद्या ते खेळलो म्हणाले, तर कोणता खेळ खेळलास, हे कौतुकाने विचारू या.