सालिम अलींच्या नावाचे वाघूळ

डॉ. सालिम अली म्हटले की पक्षी आठवतात. पण त्यांच्या नावाचे एक वटवाघूळही आहे.

१८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला, मामांनी वाढविले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पुढे प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, म्हणून हे वाचून मी थबकले.

१९३१ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपले नांदेड-लातूर तेव्हा त्याच संस्थानात. मोबदला नाही, फक्त मुक्कामाचा खर्च. पत्नी तेहमिना सोबत असत. १९३९ साली त्या वारल्या, तरी भटकंती थांबली नाही.

आमच्याकडे चिंचेवरच्या वाघळांना लोक अशुभ म्हणून धोंडे मारतात. आजच्या तमिळनाडूतील डोंगरात १९४८ साली सापडलेले एक वाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्याच जातीचे म्हणून पडून होते. १९७२ साली थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्यांनी ते निराळे ठरविले आणि अलींचे नाव दिले. तेव्हा अलींनी पंचाहत्तरी ओलांडली होती. १९८७ साली ते गेले. ते वाघूळ आजही फार दुर्मिळ आहे.